दंड भरलेली पोट्टी

पुंडलिकराव पेढ्यांचा डबा घेऊन दारात उभे राहिले, तेव्हाच दिपालीला कळलं की हा माणूस अभिनंदनाला आलेला नाही. घाटंजीच्या अलीकडच्या या गावात देशी दारूचं एकच सरकारमान्य दुकान, आणि ते त्यांचं. ते बंद करायचा अर्ज दिपालीच्या आईनं, इंदूबाईनं, गावातल्या बायकांच्या सह्या घेऊन दिला. तेव्हापासून पुंडलिकराव या घराकडे पाहून थुंकायचे. आता पोरगी 'नीट'ची परीक्षा पास झाली, डॉक्टरकीची सीट लागली, तर त्यांना एकदम शेजारधर्म आठवला.

"घे बेटा, तोंड गोड कर. आपल्या गावची पयली डॉक्टरीन."

"अजून साडेपाच वर्षं आहेत," दिपाली म्हणाली. डब्याला हात लावला नाही.

"तेच तं बोलाले आलो." पुंडलिकराव बाजेवर ऐसपैस बसले. "कॉलेजवाले पोलिसाकून वर्तणुकीचा दाखला मांगते म्हणे. ठाणेदार विचारन पोलीस पाटलाले. पाटील म्हणजे आपलाच माणूस. थो काय लिहिते, त्याच्यावर हाय सगळं. नाही का, इंदूबाई?"

इंदूबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

भानगड सगळ्यांना माहीत नव्हती, पण पुंडलिकरावांना माहीत होती. दारूवाल्याच्या कानावर दारूची प्रत्येक गोष्ट जाते. दोन वर्षांपूर्वी दिपाली यवतमाळला क्लासला होती. थर्टी फर्स्टच्या संध्याकाळी मैत्रिणींनी खोलीवर बिअर आणली. दिपाली प्यायली, कोणी जबरदस्ती केली नव्हती. मग केक आणायला स्कूटी घेऊन निघाली, आणि चौकातल्या नाकाबंदीत पोलिसांनी तोंडासमोर मशीन धरलं. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे? ती म्हणाली, कबूल आहे. दंड भरला, लायसन सहा महिने जमा झालं. घरी आल्यावर आईनं एक ठेवून दिली, ती दिपालीनं मुकाट खाल्ली.

याच गावात पुंडलिकरावांच्या दुकानातून रोज संध्याकाळी माणसं झुलत निघतात, मोटरसायकलला किका मारतात, आणि पोराबाळांना पुढं टाकीवर बसवून घरी जातात. त्यांच्या तोंडासमोर आजवर कोणी मशीन धरलेलं नाही. त्यांना गाव म्हणतं, थकून आला बिचारा.

"परवा पडताळणी हाय," पुंडलिकराव म्हणाले. "एक्साइजचा साहेब पंचायतीत बसन, एकेक बाईले विचारन, सही तुहीच ना? त्या दिवशी इंदूबाईले ताप येते. बस. इंदूबाई नाही तं बायका येत नाही, बायका नाही तं दुकान बंद कराचं मतदान होत नाही. इकडं पाटील लिहिते, वर्तणूक उत्तम. तुमी खुश, आमी खुश."

"अन् ताप नाही आला तं?" दिपालीनं विचारलं.

"मंग कॉलेजले कळते. गावालेही कळते. इंदूबाई घरोघर मताच्या चिठ्ठीचा नमुना दाखवून राह्यली, उभ्या बाटलीवर शिक्का माराल तं दुकान राह्यते, आडव्या बाटलीवर माराल तं बंद होते. अन् तिचीच पोट्टी बाटली रिचवून गाडी चालवते. कसं दिसन?"

दिपाली आईकडं पाहत राहिली. ही बाई आता उठेल, डबा उचलून रस्त्यावर भिरकावेल, असं तिला वाटलं. ग्रामसभेत सरपंचाला गप्प बसवणारी बाई ही.

"विचार करून सांगतो," इंदूबाई म्हणाली.

पुंडलिकराव हसत निघून गेले. डबा तसाच ठेवून.

"विचार कायचा करतं तू?" दिपाली ओरडली.

"तुह्या सीटीचा. दुकान पुढच्या वर्षी बंद करता येते. सीट पुढच्या वर्षी भेटते काय?"

"अन् पुढच्या वर्षी थो काय मांगन? माही इंटर्नशिप होयेपर्यंत तू तापानंच पडून राह्यजो मंग!"

"जीभ लय चालते तुही! दर ऐतवारी विहारात पाचवं शील म्हणत होती, दारू पिणार नाही म्हणून, तवा कुठी गेलती हे अक्कल? पिताना नाही आली लाज?"

"आली. अजून येते." दिपालीचा आवाज फाटला. "पण लाज माही आहे, आई. ते पुंडलिकच्या हाती कायले देऊ?"

इंदूबाई उठली. तांदळाचं सूप उचलून आत गेली.

पडताळणीच्या दिवशी इंदूबाई खरंच अंथरुणावर पडून राहिली, भिंतीकडं तोंड करून. दिपाली एकटीच पंचायतीत गेली. साहेब टेबल मांडून बसला होता. बायका आवारात घुटमळत होत्या. समोरच्या पानठेल्यावर पुंडलिकराव आणि पोलीस पाटील सुपारी चघळत उभे होते.

"इंदू कुठी हाय वं?" म्हाताऱ्या शकुबाईनं विचारलं. "ताप आला म्हणते. मंग आमी कोणाच्या भरोशावर सांगाव साहेबाले?" ती पदर सावरून माघारी वळली. तिच्यामागं आणखी दोघीतिघी.

दिपाली ओट्यावर चढली.

"आईले ताप नाही," ती म्हणाली. "तिले माह्या सीटीची भीती आहे. ऐका. मी यवतमाळले दारू पिऊन गाडी चालवली. पोलिसानं धरलं, कोर्टानं दंड केला. हे दाबून ठेवतो म्हणून पुंडलिकराव आमच्या घरी पेढे घेऊन आलते. म्हणून आई इथं नाही. आता दाबाले काही राह्यलं नाही. तुमाले मले शिव्या द्याच्या तं द्या, पण सही तुमची आहे. ते तुमी सांगा."

आवारात एकदम कलकलाट झाला.

"पोरीची जात अन् दारू?" शकुबाई कडाडली. "अन् हे आमाले शिकवाले आली!"

"काय शिकवलं वं तिनं?" तांड्यावरची जमनी कंबरेवर हात ठेवून पुढं आली. "थे म्हणते मी चुकली. तुह्या लेकानं मोटरसायकल नालीत घातली, बायकोचा पाय मोडला, थो म्हने का एकदा तरी चुकलो म्हून? त्याले तं तू आंडे खाऊ घातले!"

काही बायका हसल्या. काही मात्र खरंच निघून गेल्या, शकुबाई सगळ्यात आधी. जाताना ती दिपालीकडं पाहून थुंकली. दिपालीनं ते पाहिलं, पण ती ओट्यावरून उतरली नाही.

तेवढ्यात फाटकातून इंदूबाई आली. केस विंचरलेले नाहीत, पायात चप्पल नाही. कोणीतरी पळत जाऊन तिला सांगितलं असणार. तिनं पोरीकडं पाहिलंसुद्धा नाही. रांग मोडून सरळ टेबलाशी गेली.

"सही माहीच हाय, साहेब. लिहा."

मग जमनी. मग तिच्यामागं बाकीच्या. मतदानापुरत्या सह्या भरल्या. पानठेल्यावर पोलीस पाटलानं पुंडलिकरावांच्या कानात काहीतरी म्हटलं, आणि पुंडलिकरावांनी तोंडातली सुपारी थुंकली.

त्यांनी शब्द पाळला. कॉलेजात प्रवेशाच्या दिवशी समितीपुढं दिपालीला बोलावलं, तेव्हा पोलीस पाटलाचा अहवाल तिच्याआधी पोचला होता. 'दारूच्या आहारी गेलेली, गावात बदनाम.' त्याशेजारी दिपालीचं प्रतिज्ञापत्र होतं. कोणत्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय, या प्रश्नापुढं तिनं 'होय' लिहून कोर्टाच्या आदेशाची प्रत जोडली होती.

"मुलगी असून?" चष्मेवाले सर म्हणाले.

"दंड मुलींना वेगळा नसतो, सर."

"उद्धट आहात."

"खरं विचारलं तर खरं सांगते. आहारी गेले हे खोटं आहे. एकदा प्यायले, गाडी चालवली, हे खरं आहे. त्या दिवशी कोणी मेलं नाही, त्यात माझं काहीच कर्तृत्व नाही. समोर कोणी आलं नाही, एवढंच."

शेजारच्या मॅडम इतका वेळ कागद वाचत होत्या. त्यांनी मान वर केली. "आणि उद्या वॉर्डात पिऊन आलात तर?"

"काढून टाका. नाही काढलं तर चूक तुमची."

तिला बाहेर बसवलं. बाकावर शेजारी एक पोरगा बापासोबत बसला होता. बाप त्याला हळूच सांगत होता, त्या प्रश्नापुढं 'नाही' लिही, कोण बघतंय. दिपालीनं दोघांकडं असं पाहिलं की बाप गप्प झाला.

पुन्हा आत बोलावलं तेव्हा मॅडमनी एक हमीपत्र पुढं सरकवलं. असा गुन्हा पुन्हा झाला तर प्रवेश रद्द. दिपालीनं वाचलं, सही केली.

"प्रवेश देतोय," चष्मेवाले सर म्हणाले. "पण एक सांगतो. हे इथं कुणाजवळ बोलू नका. कॉलेजचं नाव आहे."

"गावात ओट्यावर उभी राहून सांगून आले, सर. इथंही कोणी विचारलं तर सांगीन."

सर मॅडमकडं पाहू लागले. मॅडमनी शिक्का उचलला आणि कागदावर मारला.

"जा आता," त्या म्हणाल्या. "पुढचा नंबर यायचाय."

"प्रवेशाची पावती द्या," दिपाली म्हणाली, आणि ती हातात पडेपर्यंत खुर्चीवरून उठली नाही.