सरक जरा, मी करते

मी एक कीबोर्ड आहे. म्हणजे अजून आहे, असं धरून चालतो. ज्याची तार कशालाच जोडलेली नाही त्याने स्वतःला काय म्हणावं, याबद्दल माझं मत पक्कं झालेलं नाही. आयुष्यभर माझ्यावरून दुसऱ्यांचेच शब्द गेले. आज पहिल्यांदा स्वतःचे जुळवतोय, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

जन्म कारखान्यात झाला, हजारो सारख्या भावंडांबरोबर. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खोक्यातून बाहेर आलो तो दोन खोल्यांच्या एका घरात. कॉम्प्युटर आणला होता दादाच्या अभ्यासासाठी. घरात येणारी प्रत्येक महागडी वस्तू कुणाच्या तरी अभ्यासासाठीच येते, हे मला पुढे कळलं. दादाने माझ्या चार कळा वापरल्या: वर, खाली, डावी, उजवी. उरलेल्या शंभर कळांवर बिस्किटांचा चुरा सांडला.

त्याची धाकटी बहीण नऊ वर्षांची. घरात तिला खुडबुडी म्हणत, कारण तिने घड्याळ, इस्त्री आणि आजोबांचं श्रवणयंत्र अशा तीन वस्तू उघडल्या होत्या आणि त्यांतली एकच पुन्हा मिटली होती. दादा खेळायला गेला की ती माझ्यासमोर बसायची. मांडीवर रद्दीतून उचललेलं प्रोग्रॅमिंगचं पुस्तक. त्याची पहिली तीस पानं गायब होती. त्यामुळे सुरुवात कशी करतात हे तिला कुणी सांगितलंच नाही. ती थेट एकतिसाव्या पानापासून प्रोग्रॅमर झाली.

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गोष्टीला काहीतरी नाव द्यावं लागतं. शहाणी माणसं ‘एकूण’, ‘संख्या’ अशी नावं देतात. खुडबुडीला मान वर केली की स्वयंपाकघर दिसायचं. तिने डबा, झाकण आणि चमचा ही नावं दिली. डब्यात आकडे भरायचे, चमच्याने मोजायचे, झाकण लागलं की काम संपलं. विद्वानांना हसू येईल. पण डबा कधी सांडला नाही.

"बंद कर ती खटखट," आई ओरडायची. "अभ्यासाला बस."

"हा अभ्यासच आहे."

"परीक्षेला येतो का तो?"

येत नव्हता. आईचा मुद्दा बिनतोड होता.

मुलगी कॉम्प्युटरमधलं काहीतरी करते, ही बातमी पसरली. मामा प्रिंटर घेऊन आले, शेजारच्या काकू टीव्हीचा रिमोट. "एवढं शिकतेस आणि साधा रिमोट येत नाही होय गं?" ती बिचारी समजावून सांगायला जायची. समजून घ्यायला वेळ कुणाला? "तूच करून दे की," म्हणायचे. मग तीही म्हणू लागली, "सरका जरा, मी करते." काम दोन मिनिटांत आणि वर शाबासकी. चांगल्या माणसाला वाईट सवय लावायची याहून खात्रीची रीत मी पाहिलेली नाही.

वर्षं गेली. पडदा मेला, माऊस हरवला, दादा नोकरीला लागला. मी उरलो. आईने जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवली आणि तिच्यात बसून मी विद्यापीठात गेलो. खुडबुडी तिथे पुढचं शिकत होती आणि एका सत्रापुरती शिक्षण-साहाय्यक झाली होती. पहिल्या वर्षाची चाळीस मुलं, आठवड्याला दोनदा लॅब. "काम बघू, मग ठेवायचं का ते ठरवू," विभागप्रमुख म्हणाले. हे पद गेलं तर पुढचं शिक्षण गेलं, आणि पुन्हा मामांचे प्रिंटर.

दुसऱ्याच्या कीबोर्डवर तिचा हात बसत नसे. म्हणून लॅबमध्ये ती मला काखेत मारून फिरायची, डॉक्टर आपलं यंत्र गळ्यात घालून फिरतात तशी. कुणी अडलं, की त्याच्या मशीनला माझी तार जोडायची.

"मॅडम, हे चालतच नाहीये."

"अरे, सोपं आहे. सरक जरा, मी करते."

खटाखट. चाललं! मुलगा मान डोलवायचा. मान डोलावणं म्हणजे कळणं, असा जगभरच्या शिक्षकांचा समज आहे. मलाही थोडा होता, कारण कौतुकात माझाही वाटा असे. सत्र संपत आलं तेव्हा चाळीसच्या चाळीस प्रोग्रॅम सुरळीत चालत होते, आणि अशा मॅडम दुसऱ्या नाहीत, असं पोरं एकमेकांना सांगत होती.

मग विद्यापीठाने ते प्रोग्रॅम नक्कल पकडणाऱ्या यंत्रात घातले.

विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. मी पिशवीत होतो, सगळं ऐकलं. "चाळीस मुलं, आणि चाळिसांच्या प्रोग्रॅममध्ये डबा, झाकण, चमचा! एकाने लिहिलं आणि एकोणचाळिसांनी उतरवलं. सगळ्यात आधी कुणी जमा केलंय माहितीये? तो पहिल्या बाकावरचा चष्मेवाला. तो कबूल झाला नाही तर त्याचं वर्ष गेलं समजा. तुम्ही मुलांच्या जवळच्या. तुम्हीच चौकशी करा."

कुंपणाने शेत खाल्लं आणि चौकशीचं काम कुंपणालाच मिळालं.

ती लॅबमध्ये येऊन बसली. माझ्यावर टाइप केलं, ‘अधिक तपासाची गरज आहे.’ माझ्यावरून गेलेल्या वाक्यांत इतकं भित्रं वाक्य दुसरं नाही. तेवढ्यात चष्मेवाला आला.

"मॅडम, मी कुणाला दिलं नाही हो. घरी काय सांगू?"

"खरं का नाही सांगितलंस? की मी करून दिलं म्हणून?"

"तुम्ही मदत केलीत. तुमचं नाव कसं घेणार?"

तिने माझी एक कळ दाबून धरली आणि ते भित्रं वाक्य शेवटापासून पुसत आणलं. मग मला काखेत मारून ती तडक विभागप्रमुखांकडे गेली.

"सर, चौकशी झाली. ते लिहिणारी मीच."

"कुठला प्रोग्रॅम?"

"चाळीसही."

"मग मुलांनी काय केलं?"

"बघितलं, सर. मान डोलावली."

विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या फळ्यासमोर बत्तीस वर्षं तेच चाललंय," ते म्हणाले. मग आवाज पुन्हा साहेबाचा झाला. "पंधरा दिवसांनी नवी परीक्षा. निम्मी मुलं स्वतःच्या हाताने पास झाली तर तुम्ही राहाल. तोवर मुलांच्या मशीनला हात लावायचा नाही. आणि हे काखेतलं जमा करा."

अशा रीतीने मी लॅबच्या कोपऱ्यातल्या कपाटात आलो. शिक्षा तिची, कैद माझी. फटीतून दिसायचं. ती मुलांच्या मागे उभी, हात पाठीशी घट्ट बांधलेले, ओठ दाबलेले.

"मॅडम, पुढे काय लिहू?"

"तुला काय वाटतं?"

"काहीच वाटत नाही."

"मग थांबू. मला घाई नाही."

धादांत खोटं! तिची बोटं पाठीमागे हवेत टाइप करत होती. पोरं कुरकुरली, "मॅडम बदलल्या." आता त्यांना त्या आवडेनाशा झाल्या होत्या. शिकवणं सुरू झाल्याची ही पहिली खूण असावी. मला नक्की सांगता येणार नाही.

तेवीस पास झाली. तिचं पद राहिलं. चष्मेवाला मात्र नापास. एवढा गाजावाजा झाला आणि त्याला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. निकालाच्या दिवशी ती मला न्यायला आली. कपाट उघडून तिने माझ्यावर बोटं टेकवली, एकही कळ न दाबता. मग मला पुन्हा आत ठेवून दार लावून घेतलं.

माझ्यासारख्या वस्तू शेवटी गळा काढतात, आम्हाला बाहेर काढा, धूळ झाडा. मीही तेच म्हणणार होतो. पण चष्मेवाल्याची फेरपरीक्षा सोमवारी आहे. आत्ता तो माझ्यापासून चार हातांवर बसलाय, प्रोग्रॅम अडलाय, कपाळावर घाम आहे, आणि त्याच्या मागे तिची नजर सारखी माझ्या कपाटाकडे वळतेय.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी जवळपास असाल तर एवढं करा. कपाटाला कुलूप घाला.