धाकट्याच्या खात्याचं टोकन

दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर ताईने आणि तिच्या धाकट्या भावाने मिळून उभं केलं होतं. सगळी यंत्रणा चालायची ती धाकट्याच्या खात्यावर. त्या खात्याचं टोकन, म्हणजे आत शिरायचा परवाना, प्रत्येक सर्व्हरवर त्यानेच बसवलेलं.

मग त्याचं पिणं वाढलं. एकदा झोकांड्या खात ऑफिसात आला आणि चालू सर्व्हरवरच काहीबाही करून बसला. दिवसभर एकाही पेशंटला नंबर मिळाला नाही. ताईने त्याला घरी बसवलं. "आधी बरा हो, मग बघू," एवढंच म्हणाली. खातं तिने ताब्यात घेतलं, पण टोकन बदलायला हात धजेना. शेवटी धंद्यात भागीदार असलेल्या काकांनी तंबी दिली, "सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं? पुन्हा घोळ घातला तर दवाखाने आपल्याला दारात उभं करणार नाहीत."

त्या दुपारी तिने नवं टोकन बनवलं. त्याच क्षणी जुनं निकामी झालं. आधी चाचणीचा सर्व्हर, मग खरा. दोन्हीकडे नवं टोकन घालून तिने ते पुन्हा सुरू केले. अपॉइंटमेंटा येऊ लागल्या, तरी तिला हायसं वाटेना.

तेवढ्यात धाकट्याचा फोन आला.

"ताई, टोकन बदललंस ना? माझ्या लॅपटॉपवर सगळं बंद पडलं."

"हो रे."

"बॅकअपच्या मशीनवर बदललंस? ते मी मागाहून जोडलं होतं, तुला ठाऊक नसेल. तिथं जुनं राहिलं तर बॅकअप व्हायचा नाही."

त्याची जीभ जड झाली होती. भर दुपारीच घेतली होती त्याने. ताईने ते मशीन उघडलं. खरंच, तिथं जुनंच होतं. तिने बदललं. तो फोन धरून होता.

"झालं?"

"झालं."

"मग आता माझं तिथं काहीच उरलं नाही."

"असं नको ना बोलूस. संध्याकाळी येते मी. दोघं डॉक्टरांकडे जाऊ."

"नको ताई. तू तुझं काम बघ."

संध्याकाळी ती गेलीच. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "बॅग घेऊन गेला मघाशी. कुठे म्हणून विचारलं, तर नुसता हसला."

ताईने तिथंच पायरीवर बसून फोन लावला. रिंग आतून, बंद घरातून ऐकू आली.