न दाबलेली कळ

मी एक जुने बुद्धिबळाचे घड्याळ आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, घड्याळाला कधी दोन तोंडे असतात का? मला आहेत. एकाच लाकडी पेटीत शेजारी शेजारी दोन तबकड्या आणि पेटीच्या डोक्यावर दोन कळा. पटावर चाल केली की खेळाडूने आपल्या बाजूची कळ दाबायची. त्याचा वेळ थांबतो आणि समोरच्याचा सुरू होतो. माझी दोन तोंडे एकाच वेळी कधीच बोलत नाहीत. एवढी शिस्त घराघरांत असती तर किती बरे झाले असते, असे आमचे पंचकाका म्हणत.

माझ्या प्रत्येक तबकडीवर, बाराच्या आकड्यापाशी, एक लहानसे लाल निशाण आहे. मिनिटकाटा बाराजवळ आला की तो निशाणाला हळूहळू उचलतो आणि बारावर पोचताच सोडून देतो. निशाण पडले की वेळ संपला. मग पटावर तुम्ही कितीही वरचढ असा, डाव हातचा गेला. कारखान्यात ही निशाणे बसवणारी बाई चिमटा धरताना श्वास रोखून धरत असे. "हे पडलं की कुणाचं तरी तोंड पडणार बघ," असे ती शेजारणीला म्हणाली आणि दोघी हसल्या. कारखान्यातली तेवढीच आठवण माझ्यापाशी आहे. पुढे मला कागदात गुंडाळून भुशाच्या खोक्यात घातले गेले, आणि खोके उघडले ते एका क्लबात.

क्लब म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची एक लांबट खोली. खालून हातोडीचे ठोके ऐकू येत, वर मात्र टाचणी पडली तरी आवाज व्हावा अशी शांतता. डावांचा निवाडा करणारे पंचकाका तिथले सर्वेसर्वा. नवीन मुले आली की ते मला हातात घेऊन गोष्ट सांगत. फार पूर्वी म्हणे वेळेचे बंधनच नव्हते. एकेक खेळाडू चालीवर इतका विचार करी की समोरच्याला डुलकी लागे. मग वाळूची घड्याळे आली. मग आमच्यासारखी काट्यांची आली. डाव लांबला तर पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करत आणि दुसऱ्या दिवशी पाकीट फोडून पुढे खेळत. "मधल्या वेळात झोप कुणाला लागायची?" पंचकाका विचारत आणि स्वतःच मान हलवत.

मी कधी पुढे गेलो नाही, कधी मागे पडलो नाही. म्हणून मला नेहमी पहिल्या पटावर, म्हणजे सर्वांत तयार खेळाडूंच्या डावाला, ठेवत. मला त्याचा अभिमान होता, खोटे का बोलू?

त्या पहिल्या पटावर मी दोन बहिणींना पाहिले. क्लबात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली चष्म्याच्या दुकानात भिंगे घासण्याचे काम करी. संध्याकाळी ती येई तेव्हा बोटांच्या टोकांना पांढरी भुकटी लागलेली असे. मला हात लावण्याआधी ती बोटे रुमालाला पुसत असे. आई लवकर गेली होती. वडील लांब पल्ल्याच्या ट्रकवर असल्यामुळे महिन्यातले मोजके दिवस घरी असत. धाकटीला थोरलीनेच न्हाऊमाखू घालून मोठे केले होते, आणि बुद्धिबळही तिनेच शिकवले होते. लहानपणी धाकटी वजीर, हत्ती सोडून प्यादीच पुढे ढकलत बसे, एकामागून एक. म्हणून थोरलीने तिचे नाव मुंगी ठेवले होते.

क्लबात गर्दी नसली की थोरली मुंगीला डावाचा शेवट शिकवी. पटावर मोजकी मोहरी उरली की खरा खेळ सुरू होतो, असे तिचे मत. तिचा आवडता धडा हत्तींचा होता. आपले प्यादे शेवटच्या घराच्या उंबरठ्यावर पोचलेले आहे, पण ते घर आपल्याच राजाने अडवले आहे. राजा बाहेर पडला की समोरचा हत्ती शहावर शह देत सुटतो.

"मग काय करशील?" थोरली विचारी.

"पळेन."

"कुठवर पळशील? आधी आपला हत्ती चौथ्या ओळीत आणून ठेव. मग राजाला बाहेर काढ. शह चुकवत चुकवत खाली ये, आणि शेवटच्या शहाला हत्ती मध्ये घाल. झाला पूल. पलीकडे गेलीस तू."

मुंगीने तो पूल इतक्यांदा बांधला की डोळे झाकूनही तिला तो आला असता. बघता बघता ती मोठी झाली आणि तिचा खेळ बहिणीच्या तोडीस तोड झाला. पहिल्या पटावर आता दोघींपैकीच कोणी ना कोणी असे.

मग त्या वर्षीची निवड स्पर्धा आली. पहिली येणारी मोठ्या शहरातल्या देशपातळीवरच्या स्पर्धेला जाणार होती. शेवटच्या फेरीत समोरासमोर आल्या त्या या दोघीच. थोरलीचा अर्धा गुण जास्त होता. तिला बरोबरीसुद्धा पुरली असती. मुंगीला जिंकणे भाग होते.

डाव सुरू होण्याआधी मुंगीने बहिणीचा हात धरला. "ताई, एक शब्द दे. कुणी कुणासाठी डाव सोडायचा नाही."

"वेडी आहेस का? तुला डाव कशाला सोडेन मी?" थोरली हसत म्हणाली.

"हसू नकोस. शब्द दे."

"दिला," थोरली म्हणाली. पंचकाकांनी माझी कळ दाबली.

मित्रांनो, तसा डाव मी पुन्हा पाहिला नाही. मुंगी चवताळून खेळली. थोरलीने एकेक मोहरे बदलून सगळे शांत करत आणले. दुपार उतरली तेव्हा पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि थोरलीचे एक प्यादे उरले होते. आणि जागा कोणती होती म्हणता? तीच, पुलाची. खोलीतल्या सगळ्यांना दिसत होते की थोरली जिंकली. मुंगीला तर सगळ्यांहून जास्त दिसत होते. ती पटावर डोके खाली घालून बसली होती.

थोरलीने हत्ती उचलला आणि चौथ्या ओळीत ठेवला. तिचा हात माझ्याकडे आला. माझ्या कळेवर येऊन थांबला. मला वाटले आता दाबेल. तिने समोर पाहिले. मुंगीच्या कपाळावरचे केस ओले होऊन चिकटले होते. थोरलीने हात मागे घेतला.

चाल झाली होती, पण कळ दाबली नव्हती. तिच्याच बाजूचा काटा चालू राहिला. तिच्याकडे वेळ फारसा उरला नव्हता. लाल निशाण उचलले जाऊ लागले. बघणाऱ्यांना वाटले की थोरली दमली आणि विसरली. मध्ये बोलायचे नाही असा नियम, म्हणून सगळे गप्प.

तेवढ्यात मुंगीने मान वर केली. आधी बहिणीकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिचा चेहरा पांढरा पडला.

"ताई, घड्याळ!" ती मोठ्याने म्हणाली.

"बोलू नका," पंचकाका म्हणाले.

थोरलीने माझ्याकडे पाहिले. तिला निशाण दिसले. मी शपथेवर सांगेन, तिला ते स्वच्छ दिसले. तिने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतवून ठेवले.

मुंगीचा हात आपल्या राजाकडे गेला. तो आडवा केला असता तर ती हरली असती, आणि प्रश्न तिथेच मिटला असता. तिची बोटे राजाच्या मुकुटाला लागली. पण ती सतरा वर्षांची होती, आणि तिला त्या स्पर्धेला जायचे होते. बोटे तशीच राहिली. माझे निशाण पडले.

टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. खुर्च्या एकावर एक रचून लोक खाली उतरले, तेव्हा खोलीत त्या दोघी आणि मी एवढेच उरलो.

"तू शब्द दिला होतास," मुंगी म्हणाली.

"अगं, लक्षच गेलं नाही माझं."

"तुझं? दूध उतू जायच्या आधी ज्याला कळतं त्या माणसाचं?"

थोरली पटावरची मोहरी पेटीत भरू लागली. भरता भरता म्हणाली, "मी जाऊन काय करणार होते मुंगे? परत येऊन काचाच घासणार. तुझं वय आहे. जा, आणि जिंकून ये."

मुंगी गेली. जिंकून आली नाही. सोबत गेलेले पंचकाका परतल्यावर क्लबात सांगत होते, "काय झालं पोरीला कळत नाही. जिंकत आलेले डाव सोडून देत होती. समोरच्याने प्यादं पुढे केलं तरी घ्यायला घाबरायची." थोरली ऐकत होती. तिने रुमाल काढला आणि बोटे पुसत राहिली. बोटे केव्हाच स्वच्छ झाली होती.

पुढच्या वर्षी मुंगीने स्पर्धेत नाव घातले नाही. ती दुसऱ्या गावी शिकायला गेली, तिथेच जमिनी मोजण्याच्या खात्यात नोकरीला लागली. बहिणींमध्ये भांडण झाले नाही. झाले असते तर एक बरे. नुसती खुशाली उरली. तू कशी आहेस, मी बरी आहे. थोरली क्लबात येत राहिली, लहान मुलांना शिकवत राहिली. पण स्पर्धेच्या पटावर ती पुन्हा कधी बसली नाही. पुलाचा धडा आला की ती म्हणे, "हे तुम्ही पुस्तकात बघा."

मग नवी घड्याळे आली. त्यांना काटे नाहीत, किल्ली नाही, आकडे चमकतात, आणि प्रत्येक चालीला थोडा वेळ बक्षीस मिळतो. आमच्यात बक्षीस कसले? गेलेला क्षण गेला. आम्हा जुन्यांची रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. मला किल्ली देणारे कोणी उरले नाही. न चालणाऱ्या घड्याळाला वेळ किती गेला हेसुद्धा कळत नाही, ही आमच्या जातीची गंमत आहे. धूळ बसली. एक निशाण वाकले. शेवटी पंचकाका गेले, क्लब बंद झाला, खोलीत व्यायामशाळा आली. सामान काढत असताना थोरली आली. केस पिकलेले. तिने बाकी कशाला हात लावला नाही, फक्त मला मागून घेतले.

तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, माझी जागा झाली. ती मला पुसत असे, पण किल्ली कधी देत नसे.

जन्मभर दुसऱ्यांचे चष्मे केले आणि थोरलीचेच डोळे बिघडले. शस्त्रक्रिया झाली, डोळ्यांवर पट्टी आली. तिचे करायला मुंगी रजा काढून आली. आता तीही चाळिशी ओलांडलेली बाई. चहा उकळत ठेवून ती फळीकडे वळली आणि तिने मला पाहिले. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. चहा उतू गेला.

"हे का ठेवलंस?" तिने विचारले.

थोरलीला दिसत नव्हते, पण तिला कळले. "टाकवलं नाही."

"ताई, त्या स्पर्धेत काय झालं माहितेय? समोरचा चुकला की मला वाटायचं, हा मुद्दाम करतोय. कीव करून मला डाव देतोय. मी एकही डाव जिंकल्यासारखा जिंकू शकले नाही. नंतर कामातसुद्धा. कुणी शाबास म्हटलं की मी त्याचं तोंड बघायची, खरं बोलतोय का म्हणून."

"मला वाटलं होतं, मी तुला काहीतरी देतेय," थोरली म्हणाली.

"तो डाव मी हरले असते तर काय झालं असतं? घरी येऊन रडले असते. तुझ्याशी दोन दिवस बोलले नसते. आणि पुढच्या वर्षी तुला हरवलं असतं."

"हरवलं असतंस," थोरली म्हणाली. पट्टीखालून पाणी ओघळले. "चुकलं माझं, मुंगे. फार चुकलं."

"डोळ्यातून पाणी काढू नकोस, डॉक्टर ओरडतील," मुंगी म्हणाली, आणि तिचाच आवाज फुटला. "राजा तर मीही आडवा केला नाही. माझा हात तिथवर गेला होता. मलाही जायचं होतं. इतकी वर्षं मी तुझ्यावर रागावले, कारण स्वतःवर रागावता येत नव्हतं."

मग मुंगीने कपाटातून पट शोधून काढला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. मला खाली घेतले, वाकलेले निशाण नखाने सरळ केले आणि किल्ली दिली. इतक्या वर्षांनी माझ्यात ताण आला तेव्हा मी सगळा करकरलो.

थोरली तोंडाने चाली सांगत होती, मुंगी दोघींची मोहरी हलवत होती. कळ मात्र थोरलीने आपल्या हाताने दाबायची, असे मुंगीने ठरवून दिले. ती चाचपडत हात पुढे करी आणि ठणकन दाबी. मुंगीचा सराव सुटला होता. डावाच्या मध्यावर तिने घाईने वजीर पुढे काढला. कळ दाबली आणि जीभ चावली.

"घोड्याने वजीर घेतला," थोरली शांतपणे म्हणाली आणि कळ दाबली.

"ताई, मला दिसलंच नव्हतं गं. एक चाल मागे घेऊ?"

"नाही," थोरली म्हणाली.

मुंगी हसायला लागली. हसता हसता टेबलावर डोके ठेवून रडली. थोरलीने चाचपडत तिच्या केसांवर हात ठेवला, पण चाल मागे दिली नाही. त्या गडबडीत किल्लीने ताणलेली माझी जुनी कमान थकली आणि मी थांबलो. दोघींपैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नाही.

मला त्याचे वाईट वाटले नाही, मित्रांनो. वाईट वाटते ते मधल्या वर्षांचे. ती कोणत्याच घड्याळात मागे फिरवता येत नाहीत. तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने घड्याळ असेल तर त्याला अधूनमधून किल्ली द्या. आणि ज्यांच्यावर तुमचा जीव आहे त्यांच्यासमोर बसलात, तर दया म्हणून हरू नका. आपली चाल करा, आणि कळ दाबा.