रिळावरून कॅसेटवर

"गहू निवडायचा आवाज येते काय वं?" पानाबाईनं सूप मांडीवरून न हलवता विचारलं.

"येते. सुपाचा येते, खड्याचा येते, बांगड्यांचा तर येतेच येते," अंगुरी म्हणाली. "मामानं परवा वाजवून दाखवलं न, बाहेरची बकरीसुद्धा टेपात आली होती."

"मंग हात कापून ठेवू काय?"

"हात राहू दे. सूप ठेव."

पानाबाईनं सूप ठेवलं. नववीतली ही तिची धाकटी पोट्टी शाळेच्या स्टेजवर एकदा माईकसमोर बोलून आली काय, तेव्हापासून घरात तिचाच हुकूम चालत होता. आज तर विचारूच नका. तिनं खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, घड्याळाचा लंबक धरून थांबवला, आणि शेजारच्या पोरांना लिमलेटच्या गोळ्या देऊन पार बसस्टँडाकडे पिटाळलं. घाम सगळ्यांच्याच मानेवरून ओघळत होता, पण कुणाची बोलायची छाती नव्हती.

कारणही तसंच होतं. अंगुरीची थोरली बहीण भागिरथी, जिला ती जिजी म्हणायची, तिनं चार दिवसांपूर्वी जैन साध्वीची दीक्षा घेतली. अर्धं रिसोड लोटलं होतं. आता ती दोन गल्ल्या पलीकडे, साध्वींच्या मुक्कामाच्या स्थानकात, पांढऱ्या वस्त्रात होती. रोज दर्शनाला जाता यायचं, तिचं बोलणं ऐकताही यायचं. पण तिच्यासमोर विजेवर चालणारं यंत्र मांडायचं नाही. ते त्यांच्या व्रतात बसत नाही. आणि दोन-तीन दिवसांत सगळ्या साध्वी पायी निघणार होत्या. कुठवर, परत कधी, हे विचारायचंसुद्धा नसतं.

दीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मात्र अकोल्याच्या देवेंद्रकुमारमामानं आपल्या मोठ्या टेपरेकॉर्डरवर, त्या दोन चकत्यांच्या यंत्रावर, जिजीचं एक स्तवन भरून घेतलं होतं. जिजीचा आवाज राहिला तो तेवढाच, त्या रिळावर. रीळ मामाचंही नव्हतं, अकोल्याच्या मंडळाचं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच्यावर कुणाचं तरी भाषण चढणार होतं. आणि मामा आज पाचच्या एसटीनं निघणार होता.

म्हणून अंगुरी सकाळीच गोविंदसिंगकडे धावली होती. तो कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. त्याच्या भावानं मुंबईहून त्याला छोटा, कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणून दिला होता. गोविंदसिंगनं यंत्र दिलं, सोबत एक कॅसेटही दिली.

"एक बाजू कोरी हाय, ते घे. दुसऱ्या बाजूले माह्या सासऱ्याचं भजन हाय. त्याले हात लावशील त घरवाली मले घराबाहेर काढन."

दोन्ही यंत्रं जोडायला त्यानं तारही शोधली, पण एकाचं भोक मोठं, दुसऱ्याचं बारीक. तार काही बसेना. शेवटी तो म्हणाला, "राहू दे. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी ठेव. हवेतूनच जाईन आवाज. फक्त मधात कोणी बोललं नाही पाह्यजे."

आणि तो कामावर निघून गेला.

अंगुरीनं पाट मांडला, त्यावर घडी घातलेली सतरंजी, आणि दोन्ही यंत्रं समोरासमोर ठेवली. मामा रीळ चढवत होता, तेव्हा सकाळपासून डोक्यात घोळणारी शंका तिनं विचारून टाकली.

"मामा, आवाज इकडे आला का तिकडचा पुसला जाते काय?"

मामा हसला. "अवं, ते काय तेल हाय, या डब्यातून त्या डब्यात ओतलं का पहिला रिकामा? तिकडंही राहते, इकडंही येते."

अंगुरी त्या चकत्यांकडे पाहू लागली. देऊनही कमी होत नाही, अशी वस्तू जगात असते म्हणायची! जिजी मात्र तेलासारखी गेली होती. तिकडे स्थानक भरलं, आणि इकडे तिची गादी, तिचा कंगवा, तिची खुंटीवरची जागा, सगळं कोरडं पडलं.

"हं, चालू," मामा कुजबुजला.

अंगुरीनं लाल बटण आणि शेजारचं बटण एकदम दाबलं. मोठ्या यंत्राच्या चकत्या फिरायला लागल्या. आधी नुसती खरखर, आणि मग जिजी.

"मन की गठरी हलकी कर ले..."

ओळ संपली आणि जिजी थांबली. स्थानकात एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती झेलून परत म्हणायची, अशी रीत. जिजी किती वर्षं पुढं बसून म्हणायची. तिची थांबायची सवय जाणार कशी? त्या संध्याकाळी मामानं ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं होतं, तरी ती प्रत्येक ओळीनंतर थांबतच राहिली. त्यामुळे रिळावर एक ओळ जिजी, एक ओळभर खरखर, पुन्हा जिजी, असं सगळं होतं.

दुसरी ओळ झाली. तिसरी झाली. पानाबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. अंगुरी मनातल्या मनात म्हणत होती, असंच, असंच राहू दे.

चौथी ओळ आली. "साथ न जाए एक भी धागा..."

जिजी थांबली, आणि मागच्या दारातून जाडसर, बेसूर आवाज आला.

"साथ न जाए एक भी धागा..."

अंगुरीचे वडील! उत्तमचंद या वेळी दुकानातून कधीच येत नसत, म्हणून तर तिनं त्यांना काही सांगितलं नव्हतं. हातात चपला धरून ते दारातच उभे होते. डोळे यंत्रावर. म्हणता म्हणता त्यांची ओळ लांबली, आणि जिजीच्या पुढच्या ओळीचा पहिला शब्द त्यांच्या आवाजाखाली दबला.

अंगुरीनं बटण खटकन वर केलं. "बाबूजी! काहून म्हटलं तुमी? सारं खराब झालं न!"

उत्तमचंद गांगरले. भर मांडवात हजारभर माणसांसमोर कोरड्या डोळ्यांनी पोरीला दीक्षेची आज्ञा देणारा हा माणूस. तेव्हापासून त्यांच्या तोंडून तिचं नावही निघालं नव्हतं.

"ते थांबली न," ते म्हणाले. "मंग कोणं म्हणाव?"



"टाइम हाय अजून," मामा हळूच म्हणाला. "पह्यल्यापासून घेऊ. याच्यावरच भरलं का हे पुसल्या जाईन. जिजाजी, तुमी जरा ओट्यावर बसा."

उत्तमचंद लगेच वळलेसुद्धा.

"थांबा," अंगुरी म्हणाली. तिनं कॅसेट मागं घेतली आणि लावली. जिजी आली, मग खरखर. जिजी, मग खरखर. आणि मग जिजी, बाबूजी, जिजी. बारक्या यंत्राला कोण टेपातलं आणि कोण दारातलं, काही कळलं नव्हतं. त्याच्या लेखी दोघं एकाच खोलीत बसून म्हणत होते. तो दबलेला शब्द तिनं कान लावून शोधला. नव्हता तो. आज पुसलं नाही, तर तो शब्द कायमचा गेला. पुसलं, तर बाबूजी गेले.

जिजी कुणासाठी थांबायची? मामाच्या बोटासाठी तर नक्कीच नाही. अंगुरीला आपल्या सगळ्या हुकमांची एकाएकी लाज वाटली, पण लाजत बसायला वेळ नव्हता.

"लवकर सांग, पोरी. पुसू काय?"

"नाही," ती म्हणाली. "इथूनच पुढं घ्या."

"अवं, पण त्यायचा सूर..."

"असू द्या. बाबूजी, इथं बसा, यंत्राजवळ. आई, तूही सरक. थांबली का म्हणायचं. जिजी काही परत यायची नाही आपल्यासाठी थांबायले."

"मले शब्द सारे येत नाहीत," उत्तमचंद खालच्या आवाजात म्हणाले.

"तिच्या मांगं मांगं म्हणा न. तेवढं त येते?"

ते बसले. चपला अजून हातातच होत्या. पानाबाईनं त्या काढून घेतल्या. मामानं रीळ जरासं मागं फिरवलं, अंगुरीनं दोन्ही बटणं दाबली.

जिजीची ओळ आली आणि थांबली. उत्तमचंदांनी अंगुरीकडे पाहिलं, तिनं मान हलवली, आणि ते म्हणाले. पानाबाईनं अर्ध्यातून धरलं, तिचा आवाज फुटला, तरी तिनं सोडलं नाही. पुढच्या ओळीला तर उत्तमचंद जरा आधीच सुरू झाले, जिजीची ओळ पुरी व्हायच्या आत. मामानं घाईघाईनं ओठांवर बोट नेलं.

अंगुरीनं मामाचा हात धरून खाली केला.