अंडी काळी झाली की

खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन तो जिना चढला. प्लास्टिकची, एक पाय किंचित आखूड. खोलीत एक खुर्ची होतीच; ही दुसरी. त्यानं दोन्ही समोरासमोर ठेवल्या, मग शेजारीशेजारी, मग पुन्हा समोरासमोर.

*

मोठ्या जहाजाच्या पोटात, पाण्याखाली, लोखंडी जाळीमागे एक पेटी असते. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी तिच्यातून आत जातं. जहाज कितीही धावो, पेटीतलं पाणी संथ. तिथे दडून बसलं तर कुणालाही फुकटात जग फिरून येता येईल.

*

"अंडी काळी झाली की धरायची नाही," खेकडे धरायला शिकवताना दादा सांगायचा. काळी म्हणजे आज-उद्या फुटणारी. "पाण्यात सोड, आणि सोडलीस की पाठ कर. बघत बसायचं नाही." का, ते दादालाही माहीत नव्हतं.

*

"लग्नबिग्न ठरलं की काय रे तुझं?" खुर्ची देताना धक्क्यावरच्या शिंपलेवाल्या मावशीनं विचारलं होतं.

"भाऊ येतोय."

"मग एवढा लाजतोस कशाला?"

*

बंदरावर त्याला सगळे पाणबुड्या म्हणत. बाहेरून आलेलं प्रत्येक जहाज आधी बंदराच्या तोंडाशी नांगर टाकी आणि पाणबुड्या खाली उतरून त्याचं पोट तपासे. नियम एकच: परक्या समुद्रातलं जिवंत काही आत येता कामा नये. शेजारच्या बंदरानं हयगय केली. कुठल्याशा जहाजाच्या पेटीतून जांभळ्या नांग्यांचे, वल्ह्यासारख्या चपट्या मागच्या पायांचे खेकडे आत शिरले. बघता बघता शिंपले फस्त झाले, कोळ्यांची जाळी कातरली गेली आणि तिथल्या होड्या वाळूवर उलट्या पडल्या, त्या अजून तशाच आहेत.

पाणबुड्याला ते खेकडे नवे नव्हते. त्याच्याच समुद्रातले ते. लहानपणी त्यानं ते मागून, चपट्या पायांच्या बुडाशी दोन बोटांत धरले होते, दादानं शिकवलं तसे. तिथे कुणी त्यांच्या नावानं बोटं मोडत नसे. इथे गेल्या वर्षी बंदराच्या भिंतीवर त्यांचं भलंमोठं चित्र लागलं, खाली लाल अक्षरांत 'दिसताच कळवा'. येता-जाता तो त्या चित्राकडे बघे. परगावी आपल्या आळीतलं माणूस दिसावं तसा.

आज बाहेर उभ्या असलेल्या जहाजावर दादा होता. इंजिनघरात तेलपाणी बघायचा. पाणबुड्यानं घर सोडलं तेव्हापासून दोघं भेटले नव्हते. आई गेली तेव्हा याला पोचता आलं नाही. दादानं फोन तिच्या उशाशी ठेवून दिला होता आणि हा इकडे कानाला लावून बसला होता, एवढंच. आता ही दादाची शेवटची फेरी. यानंतर तो कायमचा घरी बसणार होता.

"एक संध्याकाळ मिळेल," तो फोनवर म्हणाला होता. "मला तुझं शहरबिहर काही दाखवू नकोस. खोलीत बसू. तू बोल, मी ऐकतो. नाहीतर उलट."

*

"काय रे, झोपलास का?"

कानात दोरीवाल्याचा आवाज. दोरीवाला वर होडीत बसून त्याची हवेची नळी आणि दोरी सांभाळायचा. दोघांमध्ये बोलायला एक तार होती.

"बघतोय."

"लवकर आटप. तिकडे भाऊ भांग पाडून बसला असेल."

इथलं पाणी इतकं गढूळ की हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून वर नुसता चहा दिसतो, असं दोरीवाला म्हणायचा. त्यामुळे पाणबुड्या वर येऊन सांगेल ते खरं.

तळ स्वच्छ. सुकाणू स्वच्छ. पंखा स्वच्छ. त्यानं जाळीचे बोल्ट सोडवले आणि पेटीत दिवा धरला. कोपऱ्यात, गंजाच्या पापुद्र्याआड, ती बसली होती. दिव्यासमोर तिनं नांग्या उचलल्या. जांभळ्या.

हात आपणहून मागच्या बाजूनं गेला. दोन बोटं, चपट्या पायांच्या बुडाशी. तिनं फारशी धडपड केली नाही. त्यानं तिला उताणी केली. पोटाशी अंड्यांचा गच्च गोळा होता. काळा.

लोखंडाच्या पलीकडे, अगदी चार हातांवर, इंजिनघर. त्यानं हेल्मेट पत्र्याला टेकवलं. आत पंपाची घरघर होती आणि कुणीतरी पान्यानं काहीतरी ठोकत होतं. ठोकलं, थांबलं, पुन्हा ठोकलं. तो दादाच, असं समजायला कुणाची हरकत नव्हती.

"अरे, आहे का काही?"

नाही म्हणायचं. मूठ आवळून तिला चिरडायची, जाळी लावायची, वर जायचं. त्यानं दिवा फिरवला. आत, नळाच्या तोंडाशी, आणखी डोळे चमकले. त्यानं दिवा खाली केला.

त्याची बोटं सैल व्हायला बघत होती. काळी असली की सोडायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यानं दुसऱ्या हातानं कमरेची पिशवी उघडली, तिला आत ठेवलं आणि नाडी ओढली.

"आहे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"मादी. अंडी काळी झालीत."

मग दोरीवाला हळू आवाजात म्हणाला, "मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांग. सावकाश सांग. घाई नाही."

दोरीवाल्याचे कान तिखट होते, हे अख्ख्या बंदराला माहीत होतं.

पाणबुड्यानं पुन्हा सांगितलं. तेच.

*

हुकूम दुपारीच निघाला. जहाजानं आत यायचं नाही, कुणी उतरायचं नाही, कुणी चढायचं नाही. खोल समुद्रात जाऊन पेट्या धुवायच्या आणि माल पुढच्या बंदरात उतरवायचा.

तो धक्क्याच्या पायरीवर बसला होता तेव्हा फोन वाजला.

"कोण रे तो तुमचा दीडशहाणा?" दादा म्हणाला. "दाढी करून बसलो होतो मी."

"मीच उतरलो होतो."

पलीकडे इंजिनाचा आवाज वाढला होता.

"काळी होती?"

"काळी."

"हं. धरलीस कशी?"

"मागून."

"चावली नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर." दादा खाकरला. "आम्ही सगळे कठड्याशी उभे आहोत. निळी टोपी माझी. दिसते का?"

कठडा दिसत होता, सुतासारखा. माणसं दिसत नव्हती.

"दिसतेय," पाणबुड्या म्हणाला. "हात हलव."

"हलवतोय."

"हो, दिसला."

जहाजानं तोंड फिरवलं. फोन कधी कापला गेला ते त्याला कळलं नाही. तो उठला, जहाजाकडे पाठ केली आणि मावशीच्या टोपल्यांकडे तोंड करून उभा राहिला.

मावशी याच पायऱ्यांवर शिंपले विकायची. आज टोपली अर्धीही भरली नव्हती.

"दगडच जास्त येतात हल्ली," ती म्हणाली. "पाणी नासलंय, दुसरं काय. भाऊ कुठाय तुझा?"

"नाही आला. खुर्ची आणून देतो संध्याकाळी."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे लहान होत चाललेल्या जहाजाकडे. टोपलीतला एक रिकामा शिंपला उचलून तिनं पाण्यात भिरकावला.

"राहू दे," ती म्हणाली. "मी येईन की बसायला."

भिंतीवर ते चित्र लागायच्या आदल्या उन्हाळ्यात, याच पायरीवर, मावशीच्या टोपलीत जांभळ्या नांग्यांची एक खेकड्याची मादी निघाली होती. पोटाशी काळी अंडी दिसली म्हणून मावशीनं ती पाण्यात सोडून दिली.