खोकल्याच्या बाटलीतली निलगिरी

मंडईमागे करीमभाईंचं अत्तरांचं आणि सुवासिक तेलांचं छोटं दुकान होतं. २००२च्या डिसेंबरात एका सकाळी मथुराबाई निलगिरीचं तेल घ्यायला आल्या. वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. घरूनच बाटली धुऊन आणायची त्यांची सवय. त्या दिवशी आणली ती खोकल्याच्या औषधाची होती, लेबलासकट.

करीमभाईंची मुलगी जिनत फार्मसी शिकत होती. सुट्टी म्हणून दुकानात बसली होती.

"अब्बा, यात नका भरू. कुणी औषध समजून प्यायलं तर? निलगिरी पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं."

"अगं, मावशींना काय निलगिरी ओळखता येत नाही?" करीमभाई हसले.

मथुराबाईही हसल्या. "मुलगा दिवसभर कंपनीत. घरात आम्ही दोघं म्हातारे. पिणार कोण?"

"निदान हे लेबल तरी काढते."

मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. "राहू दे," म्हणत करीमभाईंनी बाटली भरून दिली.

तिसऱ्या दिवशी मथुराबाईंचा मुलगा वैजनाथ कंपनीच्या बसने हिंजवडीला गेला आणि मथुराबाई भाजी आणायला खाली उतरल्या. घरात दत्तोबा एकटेच, त्यांचे यजमान. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात सर्दीने नाक चोंदलेलं. खोकल्याची उबळ आली तशी त्यांनी फडताळातली बाटली काढली आणि दोन चमचे घेतले.

मथुराबाई परतल्या तेव्हा ते घसा धरून बसले होते. तोंडाला येणाऱ्या वासावरून त्यांना काय झालं ते कळलं. घाबरून त्यांनी मिठाचं पाणी पाजलं, बोटं घालून ओकायला लावलं. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "उलटी करवायला नको होती. ओकताना तेल फुप्फुसात गेलंय."

दत्तोबा वाचले. पण पंधरा दिवसांनी घरी आले ते छाती कायमची अधू होऊन. चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची.

ते दवाखान्यात असताना करीमभाई भेटायला गेले होते. मथुराबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"बाटली मीच आणली, मीच फडताळात ठेवली, मिठाचं पाणीही मीच पाजलं," त्या म्हणाल्या. "वैजनाथ काही बोलत नाही हो. बोलला असता तर बरं झालं असतं."

जिनतने बजावलं होतं, आपण ऐकलं नाही, हे करीमभाईंच्या अगदी ओठांवर आलं. "मावशी..." एवढंच ते म्हणाले. तेवढ्यात नर्सने हाक मारली आणि मथुराबाई उठून आत गेल्या.

त्यानंतर करीमभाई निलगिरी फक्त आपल्याच बाटलीतून देऊ लागले. प्रत्येकीवर जिनत लाल अक्षरांत लिहायची, 'पिऊ नये. मुलांपासून दूर ठेवावे.' गिऱ्हाइकं कौतुक करत, "किती काळजी घेता हो!" ते ऐकलं की करीमभाईंना मान वर करवत नसे.

पुढे वडिलांसाठी वैजनाथने वाकडला लिफ्ट असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला. मथुराबाई वर्षातून एक-दोनदा मंडईत येत, दुकानात टेकत. तेल मात्र कधी घेत नसत. "यांच्या गोळ्यासुद्धा आता वैजनाथच काढून ठेवतो. मी हात लावत नाही," असं एकदा म्हणाल्या. दर वेळी करीमभाई चहा मागवत, आणि पुढच्या खेपेला नक्की सांगू, असं मनाशी ठरवत.

तीन वर्षांनी मथुराबाई गेल्याचं कळलं. चौथ्या दिवशी करीमभाई वाकडला गेले. दत्तोबा खिडकीशी खुर्चीत बसले होते.

"शेवटपर्यंत स्वतःलाच बोल लावत होती," दत्तोबा म्हणाले.

मग मात्र करीमभाईंनी सगळं सांगितलं. जिनत काय म्हणाली, आपण कसे हसलो, लेबल कसं राहू दिलं.

"मला सांगून काय उपयोग, करीमभाई?" धाप आवरत दत्तोबा म्हणाले. "हे तिला सांगायचं होतं."