नाकातली तार

मालकांचं नाव मी तोंडानं घेत नाही. गाव त्यांना नाथू म्हणतं. त्यांच्या आधीचे दोन मुलगे गेले, म्हणून सासूबाईंनी, चिमाबाईंनी, बारशाआधीच त्यांचं नाक टोचून सोन्याची तार घातली. मुलगी समजून मरण दारावरून पुढं जाईल, म्हणाल्या. त्या नथीवरून नाव पडलं नाथू. तार लग्नात काढली. भोक अजून दिसतं.

माझेही दोन गेले. तिसरा झाला तेव्हा मी सोमवार धरले होते, मीठही सोडलं होतं. बारशाच्या आदल्या संध्याकाळी हळूच विचारलं, "पोलादपूरच्या सोनाराला बोलवायचं ना?"

मालक कोयत्याला धार लावत होते. "नाय," म्हणाले.

"अवो, नाक टोचलं म्हणून तर तुम्ही..."

"माझ्या मागं धोंडू झाला, मग राया. त्यांचीबी नाकं टोचली व्हती. दोघं एका पावसात गेली. मग लोकं माझं नाक बघून म्हणायची, याचीच तार खरी. मंग त्यांची काय खोटी व्हती?"

चुलीपाशी सासूबाईंनी फुंकणी खाली ठेवली. "जगलास त्याचाबी राग येतो व्हय रे तुला?"

ते कोयत्यावर दगड घासत राहिले. त्यांच्या मनाविरुद्ध सोनाराला बोलवणं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

सकाळी बाळ दूध ओढेना. मी कपाळाला अंगारा लावला, देवाचं नाव घेत बसले. मालक उंबऱ्यात आले, बाळाकडे पाहिलं, मुंडासं बांधलं आणि गेले. मला वाटलं, शेतावर.

दुपारी आले ते सोनाराला घेऊन.

"वहिनी, डोकं घट्ट धरा," सोनार म्हणाला. माझ्याच्यानं धरवेना. मालकांनी बाळाला आपल्या मांडीवर घेतलं, डोक्यावर हात ठेवला.

"नाथू, तू लई बोंबललेलास म्हणं. तुझं नाक टोचलेला आमचा बाप सांगायचा," सोनार म्हणाला.

"हळू टोच रे," ते एवढंच म्हणाले.

बाळ रडलं, पण बारीक. मालकांनी धोतराच्या सोग्यानं रक्ताचा थेंब टिपला.

"नाव काय ठेवायचं रे?" सासूबाईंनी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. आधी दूध पिऊ दे."

सोनाराकडे पाठ करून मी बाळाला छातीशी घेतलं. सोनार आपली पेटी आवरत होता. बाळ दूध ओढतं का म्हणून आम्ही तिघं त्या ओठांकडे पाहत राहिलो.